कोनाड्यातल्या माना

जानकीबाईच्या घरात कोरडी म्हणावी अशी जागा एकच होती, आणि ती देवांची होती.

पोलादपूरच्या बाजारात, पाववाल्याच्या भट्टीला पाठ लावून तिची खोली होती. पुढं पडवी, मागं न्हाणीचा आडोसा, मधे काय तो सगळा संसार. आषाढ लागला की भिंतींना पाणी सुटायचं, बरणीतलं मीठ विरघळायचं, वाळत घातलेलं लुगडं चार दिवसांनी होतं तसंच ओलं काढावं लागायचं. पण भट्टीकडच्या भिंतीतला कोनाडा बारा महिने उबदार. तिथं बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सासरहून आलेला कुलस्वामिनीचा टाक बसलेले. पहाटे न्हाऊन ओलेत्यानं ती तिथं तुपाचा दिवा लावी, दूधसाखर ठेवी, आणि मग घोटभर पाणी घेई. नवरा वारला त्या वर्षापासून धरलेला हा नेम तिनं तापातही मोडला नव्हता.

त्याच खोलीत तिचा मुलगा मुरारी बाजेवर भिंतीला टेकून बसलेला असे. मुंबईत कुर्ल्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या माळ्यावरून पडला आणि कमरेखाली जीव उरला नाही. बायको माहेरी, नाते नावाच्या गावाला गेली, ती आलीच नाही. माणूस पाठवलं तर म्हणाली, त्यांची तब्येत सुधारली की येते.

कारखान्याचं काम मोठं गमतीचं होतं. बारक्या गळावर कोंबड्याची पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी करायची. परदेशात लोक ती दोरीला लावून नदीत टाकतात, आणि मासा फसतो. मुरारीचा चुलतभाऊ सहदेव तिथंच मुकादम होता. त्यानं साहेबाच्या हातापाया पडून मुरारीला घरी काम मिळवून दिलं. माल एस.टी.नं यायचा, माश्या एस.टी.नं जायच्या. मांडीवर फळी, फळीला आवळलेला, गळ चिमट्यासारखा पकडून ठेवणारा एक छोटा शेगडा, आणि त्यावर मुरारीची बोटं. तेवढा वेळ तो धडधाकट माणूस असे. गुणगुणायचा, आईची थट्टा करायचा.

"धरलेला मासा परत सोडतात म्हनं ते लोक," त्यानं एकदा सांगितलं.

"मंग धरतात कशाला रे?"

"शौक."

"माशाला इचारलं का कुनी?"

असं हसत-बोलत जानकीबाईनं त्या धंद्याचा पसारा घरात बसवला. गळ आगपेट्यांत गेले. आकारांचे आकडे तिला कळेनात, म्हणून तिनं त्यांना आपली नावं दिली: नाचणी, वरी, तांदूळ, वाल. पेटीवर तोच दाणा डिंकानं चिकटवलेला. रेशमाच्या रिळांना उदबत्तीची नळकांडी, मेणाला कुंकवाची जुनी डबी, जरीला काचेची बाटली. सुटी पिसं रंगवारी वर्तमानपत्रात गुंडाळून, त्या पुड्या आढ्याच्या दोरीला टांगलेल्या. बाजेवर बसल्या बसल्या काठीनं खाली घेता येतील अशा.

पिसांना शिवलं की सुरुवातीला ती आंघोळ करायची. दिवसातून चारदा आंघोळ करून खोकला लागला. मग तिनं देवाशीच बोलून घेतलं, की पोराचं काम आहे, हात धुते, तेवढ्यात भागवून घे.

त्या वर्षी, एकोणऐंशी साली, जेठ सरता सरता सहदेव स्वतः एक पार्सल घेऊन आला. आत राखी रंगाच्या माना होत्या. मान म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट वाळवलेलं कातडं. असा धुरासारखा रंग इकडं मिळत नाही. साहेबानं बाहेरून मागवलेल्या.

"ही आर्डर मुरारीलाच द्या, असं मी बोललोय," सहदेव म्हणाला. "ह्याला लागनारे गळ बोटीनं येतायत. गनपतीनंतर मी घेऊन येतो. तवर ह्यांना नुसतं सांभाळायचं. पुड्या उघडायच्या नायत, हाताळायच्या नायत. दमट लागू द्यायचं नाय. काकी, ही नीट पार पडली तर मुरारीचं काम कायमचं. बिघडली तर मला बी तोंड नाय दाखवता येनार, आनि ह्याला पुना कोन माल देनार नाय."

माना पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. आठवड्यात ट्रंकेला आतून घाम सुटला. दोरीला टांगल्या तर छपराच्या पाझरानं वरचा कागद मऊ पडला. चुलीवरच्या फळीवर ठेवाव्यात तर धुरानं रंग जाणार. मुरारी रात्री जागाच असे. एकदा त्याची नजर कोनाड्याकडं गेली, आणि आई बघतेय हे दिसताच त्यानं ती खाली घेतली. 

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर जानकीबाईनं देव उचलले. पाण्याच्या हंड्याशेजारी पाट मांडला, त्यावर वस्त्र घातलं आणि तिघांना तिथं बसवलं. मागची भिंत ओली होती. तिनं वस्त्राची एक घडी पाठीला लावली, लेकराला लावावी तशी.

"आये, हे नको करूस," मुरारी म्हणाला.

"दसऱ्यापर्यंत. मंग हायेतच की आपल्या जागी."

त्यानं रिकाम्या कोनाड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "कोनाडा राकेलनं पुसून घे मंग. तेला-दुधाचा हाय तो. किडा धरंल. आनि डांबराच्या गोळ्या टाक."

"पुसते."

राकेलची बाटली आणि फडकं घेऊन ती कोनाड्यापुढं उभी राहिली. दगड वर्षानुवर्षांच्या तेलातुपानं काळा आणि मऊ झाला होता. मागच्या फटीत पंचामृताचे जुने ओघळ गेलेले. तिथं हात लावला की तिला नेहमी वाटायचं, आपण मागितलेलं सगळं इथं मुरलंय. त्याच्यावर राकेल ओतायचं? दसऱ्याला देव परत बसणार, त्यांच्या नाकाशी डांबराचा वास? हात काही पुढं होईना. तिनं बाटली खाली ठेवली, ऊन पाण्यानं आणि राखेनं कोनाडा चोळला, गोमूत्र शिंपडलं, कापराच्या वड्या आणि तुळशीची पानं घातली, आणि त्यावर माना रचल्या. पुढं जुन्या पातळाचा पडदा सोडला.

"पुसलास?" मुरारीनं विचारलं.

"पुसला."

त्यानं मान हलवली.

शेजारची चंपाबाई विरजण मागायला आली ती दारातच थांबली. "काय गो जानके, देव हंड्यापाशी आनि कोंबडे देव्हाऱ्यात? आता आरती कुनाची करतेस?"

"ज्याची करते त्याचीच."

"बघ बाय. नायतर पहाटं आरवायचे."

चंपाबाई हसत हसत विरजण घेऊन गेली. जानकीबाईलाही हसू आलं होतं, पण संध्याकाळी पाटापुढं बसताना ते उरलं नाही. ओल्या भिंतीपाशी वात फडफडायची. तिनं चातुर्मासात एक धान्य सोडलं, मग एक वेळचं जेवण सोडलं. देवाला जागेवरून उठवलं होतं, त्याची भरपाई कुठून तरी करायला हवी होती. मुरारी मात्र नेहमीचं काम आवरून नव्या ऑर्डरची तयारी करत होता. राखी मानेशी कुठलं रेशीम शोभेल ते रिळं उजेडात धरून बघायचा. श्रावण असा गेला. पडदा कुणी बाजूला केला नाही. उघडायचं नाही, असंच सांगितलं होतं.

गौरी-गणपती झाले आणि सहदेव गळ घेऊन आला. चहा घेतला, फळीवरच्या माश्या हातात घेऊन वाखाणल्या. "काढा काकी," म्हणाला.

जानकीबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि पडदा सरकवला. वरची पुडी उचलली तर ती हलकी लागली. कोपऱ्यातून राखी भुकटी तिच्या पायांवर सांडली. सहदेवनं पुडी हातातून घेऊन उघडली. आत कातडं होतं आणि पिसांच्या नुसत्या काड्या. त्यांवर बारक्या अळ्या वळवळत होत्या. दुसरी पुडी तशीच. खालच्या पुडीतून दोन झुरळं निघाली आणि मागच्या फटीत शिरली. भट्टीची ऊब त्यांनाही मानवली होती.

सहदेव एकेक पुडी उघडत गेला. सगळ्या उघडल्या, शेवटचीसुद्धा, जरी काय निघणार ते तिघांनाही ठाऊक होतं. जमिनीवर भुकटीचा ढीग झाला. मुरारी म्हणाला, "दाखव एक." सहदेवनं त्याच्या हातात एक मान दिली. त्यानं बोटानं उलटी चोळून बघितली, सवयीनं, आणि फळीवर ठेवून दिली.

"साहेबाला काय सांगू मी?" सहदेव आवाज न चढवता म्हणाला. "माझ्या शब्दावर दिलेलं हाय."

"माझंच चुकलं," जानकीबाई म्हणाली. "त्यानं सांगितलं होतं, मी राकेल लावलं नाय."

 सहदेवनं फळीचा शेगडा ढिला केला. "कारखान्याचा हाय," तो मुरारीकडं न बघता म्हणाला. मुरारीनं फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, स्क्रू नीट फिरावा म्हणून. मग आगपेट्या, रिळं, बाटल्या, दोरीवरच्या पुड्या, सगळं एका पिशवीत गेलं. एवढा पसारा, आणि एका पिशवीत मावला. जेवून जा म्हटलं तर सहदेव म्हणाला, महाडची गाडी गाठायची आहे. पायरीपाशी त्यानं काकीला वाकून नमस्कार केला आणि पावसात गेला.

जानकीबाई खराट्यानं भुकटी गोळा करू लागली. मुरारी पाठीमागून म्हणाला, "मला ठाव होतं."

"काय?"

"राकेलचा वास नव्हता आला. त्याच दिवशी कळलं मला."

ती वळली. "मंग बोललास का नाय रे? एक शब्द बोलायचास."

"देव काढून दिलेस तू. त्याच्यावर आनखी काय मागनार?"

 तिनं भुकटी सुपात भरली आणि ती टाकायला बाहेर गेली. पडवीत उभी राहून तिनं सूप पावसाखाली धरलं आणि ते धुऊन निघेपर्यंत तिथंच राहिली. आत आली तेव्हा मुरारी रिकाम्या फळीवर हात ठेवून बसला होता.

"आये, उद्या काय हाय?"

"सोमवार."

"तुझा उपास."

"हं."

"मी बी धरतो."

लहानपणापासून त्यानं कधी उपास केला नव्हता. भूक सोसायची नाही त्याला. दुसरी कुणी आई असती तर हा शब्द ऐकून तिला भरून आलं असतं. जानकीबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यात भक्ती नव्हती, राग नव्हता. जेवायला कारण उरलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं होतं. नको म्हणायला हवं होतं. पण ती म्हणाली, "बरं."

आणि दिवा लावायला ओल्या भिंतीकडं गेली.