ज्याचा हात थरथरला नाही

आधी बायकांची तोंडं बंद करते, मग गोष्ट सांगते. माझ्या दयारामला मी जे दूध पाजलं तेच त्याच्या तिन्ही बहिणींना पाजलं. लाड सारखे, मार सारखा. त्या तिघी सासरी नांदताहेत, शेजारणीला ताप आला तर हातातलं टाकून धावतात. मग ‘आईच्या वळणावर गेला’ म्हणणाऱ्यांनी त्या तिघी कुणाच्या वळणावर गेल्या तेही सांगावं. भगताने माझ्या दोन कोंबड्या खाल्ल्या आणि सांगितलं, खाडीतलं काहीतरी लागलंय. काही लागलं नव्हतं. तो झपाटलेला नव्हता, वेडा नव्हता. उलट गावात त्याच्याइतकं गोड बोलणारं कुणी नव्हतं.

त्याचा बाप वारला तेव्हा तो नऊ वर्षांचा. मी ऊर बडवून रडत होते आणि पोर समोर बसून माझं तोंड न्याहाळत होतं. ओठ कसे वाकतात, पदर कुठे लागतो. मग त्यानेही अगदी तसेच ओठ वाकवले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. लोक म्हणाले, केवढी माया पोराची. लोक उठले, तसा म्हणाला, “आये, आता पेज वाढशील?” भूक लागते पोराला, त्याचं काही नाही. पण त्या आवाजात रडल्याची ओल नव्हती. मला तेव्हाच कळलं, आणि मी ते गिळून टाकलं.

सून कमळ दोन वर्षं नांदली. एकदा म्हणाली, “आत्याबाय, दुसऱ्याला कुठं दुखतं ते यांना बरोबर समजतं. पण यांना लागत न्हाय. समजून घेतात आणि तिथंच बोट ठेवतात.” मी म्हटलं, “नवऱ्याची चहाडी सासूजवळ करतेस? जा माहेरी.” ती गेली. मी हौसेने लुगडं नेसून विहिरीवर गेले आणि चार बायकांत सांगितलं, सून खोटारडी निघाली.

मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला त्या साली तिथे कामाला गेलेला दयाराम घरी परतला. आमची भातशेती खाडीला खेटून. मातीचा बांध आहे म्हणून भात आहे, नाहीतर सगळी खाडीच. बांधात एक लाकडी दार असतं, उघडी म्हणतात त्याला. ओहोटीला शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायचं, भरती यायच्या आत दार बांधून टाकायचं. ते काम बुधाजीचं. दाराची दोरी त्याने स्वतः काथ्याची वळलेली, हाताला रुतू नये म्हणून मध्ये बायकोच्या, नीराबाईच्या, लुगड्याची हिरवी चिंधी गुंडाळलेली. शेंबडं पोरही ती दोरी ओळखायचं.

श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी. आमच्या गावात पूजा भरदुपारी, सासवांनी घालून दिलेली रीत. वाण डोक्यावर धरायचं आणि मागे न बघता विचारायचं, “अतीत कोण?” म्हणजे दारी आलेला अतिथी कोण. मागे उभ्या लेकाने म्हणायचं, “मी.” असं तीनदा. लेकाला आयुष्य मिळावं म्हणून. त्या दुपारी घरोघर आया हेच विचारत होत्या, म्हणून बांधावर चिटपाखरू नव्हतं.

मी तीनदा विचारलं. मागे कुणी बोललं नाही.

घटकाभराने तो आला. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, हातात हातभर लांब जिताडा.

“श्रावणात मासा आणलास घरात?”

“श्रावण तुझा, आये. मासा माझा.” हसला. मासा ज्या दोरीत ओवला होता तिला हिरवी चिंधी होती.

मी काही बोलायच्या आत बांधाकडून ओरडा आला. उधाणाच्या ऐन भरात दार उघडं राहिलं होतं, आणि खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात शिरलं होतं. अकरा घरांचं भात. नुसतं त्या सालचंच नाही, मातीत मीठ बसलं की पुढची दोन-तीन वर्षंही गेली. दारातून पाण्याबरोबर आत येणाऱ्या एका माशासाठी. बरं, मासाही त्याने खाल्ला नाही, म्हणाला आता कंटाळा आला. मी तो मांजराला घातला. दोरी ठेवली.

आता माझी चूक सांगते. संध्याकाळी बायकांनी विचारलं, “ठमीबाय, दयाराम व्हता ना पूजेला?” मी म्हटलं, “व्हता तर. तिन्ही टायमाला खणखणीत बोलला.” लेक असून माझं वाण मुकं गेलं, हे मी कुणाला सांगणार होते? माझा ताठा नडला.

तिसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं. बुधाजी म्हणे, मी दार बांधलं होतं, आणि येताना दयाराम त्या वाटेने जाताना दिसला. आमच्याकडे अशा वेळी काठोकाठ भरलेला तांब्या एका हाताने उचलून देवापुढे शपथ घ्यायची. ज्याचं पाणी सांडलं तो खोटा. बुधाजी खोटा ठरला तर त्याचं घर वाळीत पडणार होतं. विस्तव नाही, पाणी नाही, त्याच्या दारात कुणी उभं राहायचं नाही.

बुधाजीने तांब्या उचलला. अकरा घरांच्या बायका समोर बसलेल्या, त्यांच्याकडे त्याची नजर गेली आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं. जीभही अडखळली. नीराबाईने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला.

दयारामने तांब्या उचलला तो तहान लागल्यासारखा. “मी त्या टायमाला माज्या आयेच्या मागं उभा व्हतो. विचारा तिला. खोटं आसंल तर तिच्याच डोक्यावर पडो.” एक थेंब सांडला नाही. वर माझ्याकडे बघून गोड हसला.

कोंडाजी पाटील निवाडा द्यायला खाकरला. मी उभी राहिले.

“कोंडाजी, थांब जरा.”

“ठमीबाय, बायकांनी मधी…”

“बायकांच्या डोक्यावर शपथ चालते, मग त्याच डोक्याखालचं तोंडपण चालंल. मी अतीत कोण म्हणून तीनदा विचारलं. कुणी बोललं न्हाय. गावात मी खोटं सांगितलं.” कमरेला खोचलेली दोरी काढून मी देवापुढे टाकली. येताना ती खोचली होती खरी, पण काढीन की नाही हे माझं मला ठाऊक नव्हतं. “हिच्यात मासा ओवून आणला यानं.”

नीराबाई उठली, चिंधीवरून बोट फिरवलं. “माजं लुगडं,” एवढंच म्हणाली.

कोंडाजी म्हणाला, “पण तांब्या तर सांडला न्हाय.”

“कसा सांडंल? तुमचा तांब्या खोटं पकडत न्हाय, भीती पकडतो. बुधाजीला अकरा घरांची चाड हाय, म्हणून त्याचा हात थरथरला. याला ना देवाची, ना तुमची, ना आयेची. आशा माणसाच्या हातात तुम्ही तांब्या देता आणि त्याचाच निवाडा मानता. वाडवडलांपास्नं किती बुधाजी वाळीत टाकलेत, एकदा मोजा.”

दयारामने माझ्याकडे पाहिलं. राग नाही, लाज नाही. बाजारात टिचकी मारून कच्चं निघालेल्या मडक्याकडे बघावं तसं. मग त्याने ओठ वाकवले आणि रडला. बापाच्या वेळी माझ्याकडून शिकला होता तेच रडणं, अजून सुरकुतीही बदललेली नव्हती. अर्धं गाव विरघळलं. “जाऊ द्या, पोर पस्तावलं,” म्हणाले. त्याला बांधाच्या कामावर लावलं. चौथ्या दिवशी टोपली टाकून तो मुंबईच्या बोटीत चढला तो आजतागायत फिरकला नाही.

बुधाजी नंतर दारात आला. “ठमीआये, मी खरा व्हतो. मग माजा हात का हालला?”

“जित्ता हायस म्हणून. जा, भरती यायची येळ झाली, दार बांध.”

मग मी कमळच्या माहेरी पायी गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, “तू खरं बोलत व्हतीस. मी विहिरीवर जे सांगितलं ते परत विहिरीवरच फिरवून आलेय.” तिने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. तिचंही बरोबर. पण पुढच्या साली आषाढात आपणहून गाठोडं घेऊन आली.

बायका आता विचारतात, असल्या लेकासाठी अजून पिठोरी कशाला पुजतेस? मी पुजते. मी त्याला जन्म दिलाय, तुम्ही नाही. आयुष्य मागते, त्याला आणि त्याच्या वाटेत येणाऱ्यांनाही. त्या साली कमळ मागे भिंतीला टेकून उभी होती. मी वाण डोक्यावर धरलं आणि तीनदा विचारलं, “अतीत कोण?”

“कुणी न्हाय, आत्याबाय,” ती म्हणाली. “वाण उतरवा. मान दुखंल.”