समोरून धरलेला हात

"असं नाही, समोरून धरा," दुकानांच्या पाट्या रंगवणारे पाटीवाले म्हणाले.

मालीशवाल्या बाई वैतागल्या. मालीश कशी करायची हे पेशंटने शिकवलेलं त्यांना खपत नसे. दवाखान्यामागच्या या खोलीत, एक टेबल, एक स्टूल आणि कोपऱ्यातल्या बेसिनच्या सोबतीने त्यांचे केस पिकले होते. नव्या पेशंटसाठी त्यांचा एकच नियम होता. दुखणं तोंडाने सांगायचं नाही, दुसऱ्या हाताने धरून दाखवायचं. तोंड वाढवून सांगतं, हात दुखतं तेवढंच धरतो, असं त्यांचं म्हणणं.

पण पाटीवाल्यांचा डावा हात उजव्यावर नुसता चाचपडत होता. "माझ्या हाताने जमत नाही, ताई. अंगठा भलत्याच बाजूला पडतो. तुम्ही समोर या."

बाई स्टूल ओढून समोर बसल्या. त्यांनी कोपराखाली हळूच हात धरला.

"जरा वर. अंगठा आतून." पाटीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हां. हेच दुखतं. फक्त बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत."

बाईंनी हात काढून घेतला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. नवऱ्यावरच कधी बसला नाही, तर भुतांवर कुठून बसणार, असं त्या हसून सांगत. त्या दिवशी मात्र त्यांना हसू आलं नाही.

बाहेरच्या बाकावर पाटीवाल्यांची मुलगी बसली होती. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. ती चार वर्षांची असताना त्यांची बस पुलाचा कठडा तोडून अर्धी बाहेर लटकली. बाबांनी डाव्या हाताने तिला छातीशी धरलं होतं. फुटलेल्या खिडकीतून आई बाहेर लोंबकळत होती. बाबांचा उजवा हात आईने समोरून धरला होता आणि त्याच खिडकीच्या काचेने तो हात चिरत होता. मग आई खाली गेली.

जखम भरली, दुखणं राहिलं. नस पुन्हा जुळताना वेडीवाकडी जुळली, असं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. कापड टेकलं तरी आग व्हायची, म्हणून उजवी बाही थंडीतही कोपराच्या वर दुमडलेली. उजव्या हातातला ब्रश सुटला. पाटीवाले डाव्या हाताने दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले आणि अर्ध्या बाजाराची अक्षरं एका बाजूला कलली. लोकांना ती फॅशन वाटली.

"बाबा म्हणतात, तू निसटायला लागलीस म्हणून मी तिचा हात झटकला," मुलगी म्हणाली. "दारू नाही, सिगारेट नाही, हे एकच व्यसन आहे त्यांना. हेच उगाळत बसतात. मला काहीच आठवत नाही, ताई. मी झोपले होते म्हणे. आता मी काय सांगू त्यांना?"

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग काम सुरू झालं. आधी नुसता कापूस फिरवायचा, मग मऊ कापड, मग तेलाचं बोट. नसेवर दाबायचं नाही, तिच्या वरचे आणि खालचे आखडलेले स्नायू सैल करत आणायचे. हात पेशंटच्या अंगावर असताना बाई बोलत नसत. खोलीत फक्त बेसिनचा नळ ठिबकायचा.

काही आठवड्यांनी पाटीवाले आल्या आल्या म्हणाले, "ताई, करंगळी गेली."

बाईंनी त्यांचा पंजा पाहिला. "आहे की जागेवर."

"माझी नाही."

बाईंनी कोपराखाली बोट टेकवलं. काल-परवापर्यंत जिथे कातडी शहारायची, तिथे आज काहीच झालं नाही. पण त्या जागी एक फिकट खळगा होता, आणि बघता बघता त्यात कातडीखालून रक्त भरून आलं. कुणी घट्ट धरलेला हात सोडला की कातडीवर असंच होतं. बाईंनी आपली बोटं पाहिली. त्यांनी तर अजून दाबलंच नव्हतं.

त्यानंतर करंगळीच्या शेजारचं बोट गेलं, मग मधलं. दर वेळी तोच खळगा उमटला आणि भरला. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. घरी कपडे पिळताना मात्र त्या मध्येच थांबून आपल्या मुठीकडे बघत राहायच्या.

तर्जनी आणि अंगठा उरले तेव्हा पाटीवाल्यांनी हात मागे घेतला. "आता पुरे, ताई. एवढं राहू दे."

"अहो, बरं होतंय आणि पुरे काय?"

"झटकलेली पकड खाली घसरते. ओरबाडत मनगटाशी येते. शेवटी तसंच होईल. मला ते कळायला नकोय."

"आत्तापर्यंत घसरली का कुठे?"

"नाही. पण अंगठ्यावरच तर सगळा भार असतो."

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाची भीती वाटली. हा माणूस इतकी वर्षं दुखणं सोसत होता, आणि ते गेल्यावर मागे काय उरेल, हे त्यांच्या हातात नव्हतं. त्या तेलाच्या बाटलीचं झाकण लावायला लागल्या.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "थांबू नका, बाबा," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं की नाही, ते मलाही कळू दे."

पाटीवाले तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

बाईंनी त्या दिवशी घाई केली नाही. कोपरापासून खाली, मनगटापासून वर, पुन्हा पुन्हा. तर्जनी सहज उलगडली. अंगठा राहिला. त्यावर बाईंनी आपला अंगठा अलगद टेकवला, तर खालून कुणीतरी एकदा घट्ट दाबलं. बाईंनी हात हलवला नाही. हळूहळू तो दाब सैल होत गेला आणि मग नुसती कातडी राहिली.

"गेला," पाटीवाले म्हणाले.

"कुठे? खाली?" मुलीने विचारलं.

"नाही. जागच्या जागी." त्यांचा आवाज चिरकला. "तिने... तिनेच उघडला गं हात. एकेक बोट करून."

मुलगी दाराची चौकट धरून उभी होती. बाई उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून साबणाने हात धुवायला लागल्या.

"ताई," पाटीवाले म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "असं थोपटू नका हो. मला रडू येतंय."

मुलीने बाबांच्या टेबलावरच्या हाताकडे पाहिलं, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला नळाखाली असलेल्या बाईंच्या हातांकडे. बाईंनीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"बरं, नाही थोपटत," बाई म्हणाल्या आणि नळ तसाच वाहू दिला.

मग मुलगी पुढे आली. बाबांची दुमडलेली बाही तिने एकेक घडी उलगडत मनगटापर्यंत खाली आणली, आणि त्यांनी तिला कफाचं बटण लावू दिलं.