जुरांदिरचा छंद

फाटकाशी कुणीतरी हाक म्हणून टाळ्या वाजवल्या, तशी जुरांदिरने मोटर बंद केली. तिच्यावरचं पॉलिशचं कापडी चाक गरगरत हळूहळू थांबलं. परसात, कपडे धुण्याच्या टाकीशेजारी, लाकडी मेजावर त्याने ही मोटर बसवली होती. इशिहारा नावाचा दुकानदार जुन्या गाड्यांची अॅल्युमिनियमची चाकं आणि इंजिनावरची झाकणं त्याच्याकडे धाडायचा. जुरांदिर ती घासून आरशासारखी करून द्यायचा.

"काय जुरा, आहेस का गेलास?" म्हणत आदेमार आत आला.

सावो बेर्नार्दोच्या मोटार कारखान्यात दोघांनी सव्वीस वर्षं शेजारी उभं राहून दारं बसवली होती. दोघांना एकाच दिवशी कामावरून कमी करून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी जुरांदिर नेहमीच्याच बसने परतला, भात-घेवडा जेवला आणि झोपला. वाईट वाटेल, राग येईल, म्हणून बायको, नेउझा, वाट पाहत राहिली. पण आलं काहीच नाही. दीड वर्ष होत आलं, अजून काही आलेलं नव्हतं.

"हे रे काय चाललंय?" आदेमारने मेजाकडे बोट केलं.

"काही नाही. घरी बसून वेळ जात नाही," जुरांदिर बोलून गेला. "छंद समज."

स्वयंपाकघरात नेउझा कॉफी गाळत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा धार सुरू झाली.

आदेमारने एक झाकण उचललं, त्यात तोंड पाहिलं, मिशी नीट केली. "लेका, यात मी देखणा दिसतोय. छंदच आहे ना? मग माझ्या जुन्या ओपाला गाडीची चारही चाकं आणून टाकतो. तुझा वेळ जाईल आणि माझी म्हातारी नटेल."

"आण की."

आदेमारने गाडीला तात्पुरती लोखंडी चाकं चढवली आणि ही आणून दिली. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा पांढरट थर चढला होता. तो आधी जाड काचकागदाने घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक कागदाने. नव्या कागदाचे ओरखडे आधीच्या ओरखड्यांना खाऊन टाकतात. घाई केली तर शेवटच्या चकाकीत पहिले ओरखडे वर येतात, आणि मग सगळं पहिल्यापासून. कापडी चाकाला मेण लावून धातू धरला की आधी तो काळाकुट्ट होतो. नवख्याला वाटतं, बिघडलं. काळं पुसल्यावर खाली उजेड असतो. जुरांदिर हे सगळं करत असे आणि करताना त्याच्या मनात काही नसे. हात चालत असत.

पुढच्या रविवारी जुन्या सोबत्यांनी मिळून मांस भाजलं, तेव्हा आदेमारने सगळ्यांना सांगितलं. मग एकजण इंजिनाचं झाकण घेऊन आला, दुसरा मेव्हण्याच्या गाडीची चाकं. पाठीवर थाप मारून ठेवून गेले. इशिहाराचं काम मेजाखाली सरकलं.

"छंदीराम, जेवायला चला," नेउझा हाक मारू लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा हसत होती. आठवड्याने हसत नव्हती.

मग इशिहाराचा फोन आला. सोमवारी माल मिळाला नाही, तर तो दुसऱ्याला देणार होता.

नेउझा शेजारच्या घरचे शर्ट इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "मी पण सांगू का लोकांना? म्हणावं, मला परक्यांच्या कॉलरींची फार हौस."

जुरांदिर बोटांवरचं काळं मेण फडक्याला पुसू लागला.

"मी सांगणार नाही जुरा. तुझे दोस्त आहेत, तू सांग. नाहीतर मोटर विकून टाक, मला कपडे वाळत घालायच्या दोरीला जागा तरी होईल."

शनिवारी आदेमार चाकं न्यायला आला. चारही भिंतीला लावून ठेवली होती. तो उकिडवा बसला, बोटाने एका चाकाची कड चाचपली. "जादू आहे रे तुझ्या हातात."

"एका चाकाचे ऐंशी," जुरांदिर म्हणाला. "इशिहारा देतो तेच."

आदेमार हसला. मग जुरांदिर हसत नाही हे त्याला दिसलं.

"छंद म्हणालास ना?"

"खोटं बोललो. यावरच घर चालतं आमचं. यावर आणि नेउझाच्या इस्त्रीवर."

आदेमारने चाकाच्या कडेवरचं बोट काढून घेतलं. "मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्यातला एकजण तरी मजेत आहे."

त्याने पाकीट काढलं. दोन चाकांपुरतेच पैसे निघाले. "बाकीचे महिन्याने दिले तर चालेल?"

"चालेल."

"आणि त्या दोघांना मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

नेउझाने दारात येऊन कॉफीचं विचारलं. आदेमार म्हणाला, "पुन्हा कधीतरी, वहिनी." तो यापूर्वी कधी कॉफी न घेता गेला नव्हता.

दोघांनी दोन-दोन चाकं उचलून रस्त्यावर नेली. आदेमारने गाडीची डिकी उघडली. चाकं एकमेकांना घासू नयेत म्हणून त्याने कोपऱ्यातून एक निळा शर्ट ओढून काढला. कारखान्याचा. खिशावर त्याचं नाव अजून शिवलेलं होतं. तो त्याने दोन चाकांच्या मध्ये कोंबला.

"थांब," जुरांदिर म्हणाला.

त्याने शर्ट बाहेर काढला, झटकला, बटणं आतल्या बाजूला येतील अशी घडी घातली आणि चाकांच्या मध्ये नीट सरकवला. मग डिकी हळूच लावली.