फुंकर आणि पिंप

फुंकरबाबाच्या अंगणात इतकी गर्दी होती, की धडधाकट माणूसही तिथे तासभर उभा राहिला तर आजारी पडावा. मांडवात मोठं पिंप. त्यातून बाटली भरायची, बाबांसमोर धरायची, बाबा 'फूऽ' करणार आणि ताप पळणार. पळायचाही!

"एक घोट पुरे!" बाबा माईकवर गर्जत. "उरलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटा. पुण्य वाटल्यानं वाढतं!"

वाढत काय होतं, ते सरकारी इस्पितळात जंतू तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. त्यांची भाची तिथेच तापानं फणफणत पडली होती. महिनाभर हेच पाणी घोटघोट प्यायलेली. तिच्या जंतूंवर आता एकच जुनं इंजेक्शन चालत होतं, आणि इस्पितळात तेच नव्हतं.

"त्याला खप नाही, मॅडम," औषध कंपनीचा विक्री अधिकारी म्हणाला होता. "दोन डबे पाठवणं परवडत नाही." जाताना त्यानं भिंतीवर पोस्टर मात्र चिकटवलं : 'अँटिबायोटिक जपून वापरा.'

"ताई, बाबांवर संशय नको गं घेऊस," बहीण रडत होती. "आधी दोनदा उतरला होता ना ताप?"

"म्हणूनच तर!"

बाई रांगेत उभ्या राहिल्या. घरच्या नळाची बाटली पुढे केली. साक्षात डॉक्टर आल्याच्या आनंदात बाबांनी दोनदा फुंकलं. दुसरी बाटली बाईंनी पिंपातून भरली आणि फुंकर न घेताच सटकल्या.

दोन दिवसांनी त्या बहिणीला घेऊन परतल्या. हातात दोन काचेच्या बश्या.

"या पहिल्या बशीत साधे जंतू वाढवलेत. हा कागदाचा ठिपका बाबांनी फुंकलेल्या नळाच्या पाण्यात बुडवलेला. जंतू मजेत आहेत. हा दुसरा पिंपाच्या पाण्यातला, बिनफुंकीचा. भोवती बघा."

भोवती स्वच्छ गोल. जंतू साफ.

"चमत्कार!" एक काका ओरडले.

"काका, चमत्कार पिंपात आहे. बाबा नुसता पंखा!"

बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं. बहिणीनं मात्र मांडवामागचा पडदा ओढला. महिनाभर सेवा म्हणून पिंपात ओतायच्या 'शक्तिचूर्णा'चे ड्रम तिनंच उघडून दिले होते. ड्रमवर अँटिबायोटिकचं नाव, कंपनीचा शिक्का, आणि शेजारी चहा पीत तोच विक्री अधिकारी.

"आम्ही फक्त विकतो," तो म्हणाला. "प्यायचं कसं, ते गिऱ्हाईक बघतं."

बहिणीनं दुसरी बशी त्याच्या नाकापुढे धरली. "हे माझ्या पोरीचे जंतू. ठिपका तुमच्याच पिंपाचा." गोल नव्हता. जंतू ठिपक्याला खेटून बसले होते, बाबांच्या पायाशी भक्त बसतात तसे.

"अर्धवट औषध पाजून पाजून ते पचवायला पढवलेत त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इथे ड्रमच्या ड्रम परवडतात," बहिणीचा आवाज फाटला, "आणि माझ्या लेकीला दोन डबे नाहीत?"

काकांनी खुर्ची ओढून फाटकात मांडली. "लावा फोन, साहेब. आम्ही बसलोय."

त्या अंगणातला एकमेव खरा चमत्कार तेव्हा घडला. खप नसलेलं इंजेक्शन संध्याकाळच्या आत इस्पितळात पोचलं.

लोक संतापून बाटल्या उपड्या करू लागले.

"गटारात नको!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "तिथेही जंतूच राहतात, तेही शिकतील. बाटल्या इथे जमा करा. ताप आला तर तपासून घ्या. औषध दिलं तर सांगितलं तेवढं पुरतं घ्या, वाटू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पिंपात डोकावा. त्यात ओततंय कोण, तेही विचारा."

काही दिवसांनी भाची उठून बसली, पाणी मागू लागली. आईनं उकळून दिलं. ते गार करायलासुद्धा कुणी फुंकर मारली नाही.