पदकबाबांचं गुलाबी पाणी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पदकबाबा, गळ्यात बशीएवढं सोनेरी पदक.

"रसायनशास्त्राचं नोबेल, मंडळी! स्वीडनच्या राजाने स्वतः गळ्यात घातलं. म्हणाला, बाबा, अणूसुद्धा तुमच्यापुढे हात जोडतात!"

टाळ्यांचा कडकडाट! अणूंना हात कुठून आले, हे विचारायची कोणाची प्राज्ञा?

बाबा ओल्या रुमालाने पदक पुसायचे आणि पेल्यातल्या नितळ पाण्यात बुडवायचे. पाणी गुलाबी! "रोग सापडला!" मग 'रेणुतीर्थाचे' चार थेंब. पाणी पुन्हा नितळ! "रोग मेला. प्या!"

पिणारा रात्रीपर्यंत शौचालय गाठायचा. बाबा म्हणायचे, "रोग बाहेर पडतोय." आमच्या चाळीतून रोग इतक्या घाईने बाहेर पडत होता की रांगेत भांडणं जुंपली.

मीही हसलो असतो. पण माझ्या आत्याने तीन पेले रिचवून मधुमेहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मी घाबरलो.

"आत्या, गोळी घे गं."

"तुझ्या डॉक्टरला आहे का नोबेल?"

मी शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेची भांडी धुतोय. मुलांच्या प्रयोगांतून उरलेला तो गुलाबी रंग रोज मोरीत ओततो, तरी पदकाच्या झगमगाटात मला ओळखू आला नाही! अक्कल गहाण पडते ती अशी. शेवटी रसायनशास्त्राच्या बाईंना सगळं सांगितलं.

"पिणाऱ्यांना जुलाब होतात?" एवढंच विचारून बाईंनी पिशवीत कपडे धुण्याच्या साबणाची वडी टाकली.

दुसऱ्या दिवशी आत्या चौथ्या पेल्यासाठी मंचावर चढली. पाठोपाठ बाई. बाबांनी पदक पुसायच्या आत बाईंनी पेल्यात साबण बुडवला. पाणी गुलाबी!

"बाबा, साबणालाही मधुमेह?"

सभागृह खो खो हसलं.

"या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे," बाई म्हणाल्या. "बाबांचा रुमाल सोड्यात भिजवलेला. सोडा लागला की पाणी गुलाबी. तीर्थ म्हणजे लिंबाचा रस, तो पडला की रंग जातो. पूर्वी हेच फिनॉल्फ्थॅलिन जुलाबासाठी द्यायचे. तुमचा रोग नाही, दुपारचं जेवण बाहेर पडलं!"

"नोबेलचा अपमान!" बाबा किंचाळले.

आत्याने पदक खेचलं आणि मागची चिकटपट्टी सोलून मोठ्याने वाचलं, "लिंबू-चमचा शर्यत. तिसरा क्रमांक."

"म्हणजे लिंबाचा अभ्यास जुना आहे," बाई म्हणाल्या. मग गर्दीकडे वळल्या. "खरा पुरस्कारविजेता शास्त्रज्ञ आपली कृती उघड छापतो. कोणीही करून पाहिली तरी उत्तर तेच यावं लागतं. तेव्हा पदक पाहून माना डोलावू नका. कृती विचारा."

घरी येऊन आत्याने गोळीसाठी हात पुढे केला. "ही काम कशी करते?"

मी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"मग जा, डॉक्टरला विचारून ये."

"आणि गोळी?"

"ती घेतेय मी. पण तू विचार."