पंधरा वर्षांचे ऑटर्स

टीमवरच्या फिल्मसाठी सुबोधने कॅमेरा लावला आणि म्हणाला, "वल्लरीताई, आपल्या आइस हॉकी टीमचा इतिहास सांगा. अगदी पहिल्यापासून. अजिबात घाई करू नका."

वल्लरीने घाई केली नाही. इथे परदेशात, हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीत ती आणि दिलीप शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे, तिथपासून तिने सुरुवात केली. ऑफिसची सहल स्केटिंगच्या बर्फाळ रिंकवर गेली होती. पुण्याच्या दोघांनीही तोवर फ्रीजरबाहेरचा बर्फ पाहिला नव्हता. दिलीप इतक्या वेळा आपटला की पेक्का नावाचा एक फिनलंडचा जहाज-इंजिनिअर हसत हसत मदतीला आला आणि तोच पुढे त्यांचा पहिला कोच झाला. सगळ्यांची सामानाची पोती दिलीपच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहायची, म्हणून टीमचं नाव 'यिशुन ऑटर्स', यिशुनची पाणमांजरं. घामाने ओल्या पॅड्सचा वास त्या घरात असा मुरला होता की घरमालक दारातूनच बोलून परत जायचा.

गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं. वल्लरी उभी राहिली, ती कायमचीच.

खालच्या डिव्हिजनमधली हौशी टीम, त्यात पहिले दोन सीझन एकही मॅच जिंकली नाही. मग हळूहळू जमायला लागलं, सेमीफायनल गाठली, आणि त्याच महिन्यात एकाचा इथे काम करायचा पास रिन्यू झाला नाही, दुसऱ्याची रॉटरडॅमला बदली झाली, पेक्का मायदेशी परतला. सेमीफायनलला बदली खेळाडूसुद्धा उरले नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी हेच व्हायचं. टीम उभी राहायची की कुणाची तरी बदली यायची. शेवटी दिलीपही पुण्याला गेला. त्यानंतर एकदा ट्रॉफी मिळाली, तीही समोरची टीम नोंदणी नसलेले खेळाडू उतरवल्याने बाद झाली म्हणून. फायनल न खेळताच मिळालेली ट्रॉफी हातात घेताना कुठे पाहावं तेच सगळ्यांना कळत नव्हतं.

"हेसुद्धा घे," वल्लरी म्हणाली. "गंमत आहे त्यात."

"घेतो ना," सुबोध म्हणाला. तो बँकेत होता, चार वर्षांपूर्वी टीममध्ये आला होता आणि आता कॅप्टन होता. हुशार होता, धावपळ करायचा. तिला तो आवडायचा.

बुओना व्हिस्टाला त्याच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये सगळ्यांना ती फिल्म दाखवली. सुरुवातीलाच चकाचक संगीतावर ट्रॉफी आली. मग सुबोध, नवे खेळाडू, नवी जर्सी. दिलीप नाही, पेक्का नाही. शेवटाकडे वल्लरी क्षणभर हसताना दिसली आणि खाली अक्षरं आली : 'आमच्या टीमची आई'.

"आई?" ती उठून उभी राहिली. "गोलकीपर आहे मी. पंधरा वर्षं."

"ताई, प्रेमाने लिहिलंय हो."

"आणि बाकीचं सगळं कुठे गेलं?"

"स्पॉन्सरला दाखवायचंय. हरल्याच्या गोष्टी कोण बघणार?" सुबोधने आवाज खाली आणला. "अजून एक आहे. स्पॉन्सर म्हणतायत, टीमचं नाव बदला. पोलर किंग्ज."

वल्लरी म्हणाली, "मी सही करणार नाही." लीगच्या नियमाप्रमाणे नाव बदलायला संस्थापकाची संमती लागत होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुबोधने मान खाली घातली. "दिलीपदादांनी दिली. दोन संस्थापकांपैकी एकाची चालते."

तिने तिथूनच, हॉलच्या बाहेर जिन्यात उभं राहून, पुण्याला फोन लावला.

"अगं, त्याने विचारलं, मी हो म्हटलं," दिलीप म्हणाला. "मला वाटलं, तुझ्याशी बोलूनच विचारतोय."

"तुला मला एक फोन करता आला नाही?"

"वल्लरी, मी किती वर्षांत बर्फावर पाय ठेवला नाही. नातीला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. नावातच काय आहे एवढं?"

"औषध वेळेवर दे तिला," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि मग स्वतःवरच चिडली.

अनुया हॉलमधून आधीच घरी येऊन वाट पाहत होती. एकोणीस वर्षांची लेक आता त्याच टीममध्ये विंगला, म्हणजे कडेने पुढे खेळायची.

"मी रविवारी मॅचला येणार नाही," वल्लरीने जाहीर केलं.

"आई, नेव्हर माइंड लाह. इट्स जस्ट अ नेम," अनुया इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली.

"मग तुझं बदलूया? पोलर कुमारी ठेवूया."

अनुया हसली. वल्लरी हसली नाही. "सगळे निघून गेले तेव्हा मी थांबले गं. दर वेळी नव्या लोकांना पहिल्यापासून शिकवलं. आणि हे पुसून टाकतात, कुणाला काही वाटतही नाही."

अनुया म्हणाली, "बट आई, दुसरा गोलकीपर हॅज अ स्प्रेन. यू डोन्ट कम, वी फोरफिट."

न खेळता मॅच सोडायची, हे मात्र वल्लरीला सहन होणारं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने नवी जर्सी घातली. दातओठ खात खेळली. पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल खाल्ले आणि स्टिक खांबावर आपटली. त्यानंतर मात्र तिचा राग कामाला आला. पक, ती रबराची चकती, येईल तिथे ती आडवी जात होती. गुडघ्याने, छातीने, एकदा चक्क हेल्मेटने अडवला. अनुयाने दोन गोल मारून बरोबरी साधली, सुबोधने शेवटचा गोल मारला. तीन-दोन. चांगल्या तगड्या टीमला हरवलं होतं, खऱ्याखुऱ्या खेळाने.

"फर्स्ट विन! पोलर किंग्जचा फर्स्ट विन!" पोरं ओरडत एकमेकांवर पडली. फोटोसाठी सगळे गोळा झाले. लीगच्या स्क्रीनवर नव्या नावापुढे आलं : सामने एक, विजय एक. मागचं काहीच नाही.

वल्लरी फोटोत गेली नाही. बाकावर बसून पॅड्सचे पट्टे सोडवत राहिली. सुबोध जवळ आला. घामाने चिंब, खुशीत, आणि थोडा घाबरलेला.

"ताई, तुमच्यामुळे जिंकलो आज."

"माहितेय मला."

"फिल्ममधले ते शब्द मी काढतो. गोलकीपर लिहितो."

"संस्थापक लिही. आणि दिलीप आणि पेक्काची नावं घाल."

"स्पॉन्सरला विचारून बघतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी याला बर्फावर उभं राहायला तिनेच शिकवलं होतं, रिंकच्या कठड्याला धरून. "विचारून बघ," ती म्हणाली. "सीझन संपेपर्यंत मी आहे. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"ताई, असं नका ना करू."

ती पुन्हा पॅड्सकडे वळली. दुसऱ्या पायाचा पट्टा ओला होऊन घट्ट बसला होता, काही केल्या सुटत नव्हता. अनुया फोटो अर्धवट सोडून आली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो ओढायला लागली.