कोरडे हातमोजे

माझ्या नवऱ्याला, हरीशला, प्रत्येक गोष्टीमागचं विज्ञान माहीत असतं. बाकी काही कळत नाही.

चार वर्षांनी इंग्लंडमधल्या आमच्या ओंगार गावात बर्फ पडला. शाळा बंद. आठ वाजताच समोरची पोरं ओव्हनच्या ट्रेवर बसून उतारावर घसरायला लागली. आमची सात वर्षांची स्वरांगी टोपी, हातमोजे चढवून दारात उभी, तर हरीशने तिला अडवलं.

"आत्ता उणे तीन आहे. बर्फ कोरडा आहे, त्याचा गोळाच होणार नाही. शून्याजवळ आला की कणांवर पाण्याचा पातळ थर येतो, मग तो चिकटतो. अकराला मी नेतो तुला. तोवर पाढे म्हण."

"तिला स्नोमॅन करायचाय, पीएचडी नाही," मी म्हटलं. पण ऐकेल तो हरीश कसला.

अकराला बर्फ खरंच चिकटायला लागला. हा मात्र ऑफिसच्या कॉलवर. स्वरांगी दार लोटून बघायची, हा पाच बोटं दाखवायचा. मीही हट्टाला पेटले होते. शब्द याने दिलाय, यानेच न्यावं, म्हणत तासभर पोळ्या लाटत राहिले.

साडेबाराला पाऊस आला. कॉल संपवून हरीश खिडकीशी आला, तेव्हा सगळीकडे गवत दिसत होतं आणि समोरच्या पोरांचा स्नोमॅन तेवढा उभा होता.

"बघ, मी सांगितलं तसाच चिकटला," तो म्हणाला.

स्वरांगीने हातमोजे काढले आणि माझ्या हातात दिले.